जगात नसलेले पाच लेख

आमच्या मेडिकल कॉलेजचे ग्रंथपाल चुरीकाका कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. कॅन्टीनवाला म्हणाला, "काका, वडा गरम हाय," की काका विचारणार, "कशावरून?" बोईसरच्या रिक्षावाल्यानं पुढं रस्ता बंद असल्याचं सांगितलं, तर, "तू स्वतः बघितलंस, का कोणी सांगितलं?" शिपायानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर आधी, "तारीख कुठून मिळाली?"

आम्ही पाठीमागे पोट धरून हसायचो.

तिसऱ्या वर्षी माझं मधुमेहावर सेमिनार होतं. फोनमधल्या एआयनं दोन मिनिटांत सगळं लिहून दिलं. खाली पाच लेखांचे संदर्भ, वर्षांसकट, पानांसकट. मी ऐटीत यादी काकांपुढं ठेवली.

काकांनी तासभर संगणकावर शोधलं. मग म्हणाले, "बाळा, यातला एकपण लेख जगात नाय."

"नाही म्हणजे? सापडत नसेल."

"कोणी लिहिलाच नाय. या तिसऱ्याचं मासिक खरं हाय, पण त्या पानावर गुडघेदुखी हाय."

त्याच तिसऱ्या 'लेखा'तला औषधाचा डोस मी सकाळी वॉर्डात इंटर्न दीपालीला छातीठोकपणे सांगितला होता. काकांनी पुस्तक उघडलं. खरा डोस त्याच्या निम्मा होता.

"बघत काय बसलास? पळ!"

मी धावत वॉर्डात पोचलो. दीपाली म्हणाली, "अरे, सरांना विचारल्याशिवाय मी कशी देईन?" मी तिथंच स्टुलावर बसलो.

सेमिनार पार पडल्यावर रविवारी केळव्याला काकांच्या घरी गेलो. काकी ओटीवर होत्या. मी नमस्कार केला, तर त्या भलतीकडेच बघून हसल्या. मी चपापलो.

जेवायला वाढता वाढता काका म्हणाले, "हिला साखर हाय. एका कागदावर आलं होतं, काढा घ्या, गोळ्या सोडा. छापलेलं म्हणून मला खरं वाटलं. मीच वाचून दाखवला हिला. आमी गोळ्या सोडल्या. मग डोळे गेले."

मी उचललेला घास ताटात ठेवला.

"पुरे आता," काकी म्हणाल्या. "पोराला जेवू द्या."

काकांनी माशाचे काटे एकेक करून काढले, तुकडा काकींच्या ताटात ठेवला आणि त्यांचा हात धरून हळूच ताटावर नेला.

"हा भात. आणि इथं मासा."