सुकलूच्या बांधीतलं स्टेशन

हिरडीटोल्याच्या स्टेशनाच्या दोन अडचणी होत्या. एक, स्टेशन बांधलेलं नव्हतं. दोन, त्याला नाव नव्हतं. यांपैकी दुसरी अडचण जास्त गंभीर आहे असं कार्यालयाचं मत होतं, आणि ती सुटल्याशिवाय पहिलीला हात लावता येत नव्हता.

वडशाहून जंगलात जाणारी नवी लाइन हिरडीटोला आणि खडकाटोला या दोन गावांच्या मधून गेली होती. स्टेशनासाठी धरलेली जागा म्हणजे सुकलूची बांधी. बांध घातलेलं धानाचं शेत. सुकलूकडे तेवढं एकच होतं, आणि त्याच्या कडेला मोहाची तीन झाडं. ते त्याने फारशी खळखळ न करता दिलं याचं कारण त्याची बायको सोमारी. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला ब्रह्मपुरीला मशीनवर न्यावं लागे. आधी बैलबंडीतून डांबरी रस्त्यापर्यंत नऊ किलोमीटर, वाटेत एक नाला, मग मिळेल त्या गाडीने पुढे. येताना तेच उलटं, फक्त येताना तिच्यात बसायचंही त्राण नसे.

"इथी गाडी थांबन ना साहेब?" अंगठा देण्याआधी सुकलूने एवढंच विचारलं होतं.

"दारातच थांबेल," अश्विन साहेब म्हणाले होते.

अश्विन साहेब या लाइनीवरचे कनिष्ठ अभियंता. वय अठ्ठावीस, स्वभाव सज्जन. सज्जन माणसाच्या हातून जेवढं नुकसान होऊ शकतं तेवढं त्यांच्या हातून पुढे रीतसर झालं. अंगठा लागला, मोहाची झाडं पडली, बांधीत गिट्टीचे, म्हणजे रुळांखालच्या खडीचे, ढीग आले आणि मग नावाचं घोडं अडलं.

हिरडीटोल्याच्या सरपंच निशाबाईंचं म्हणणं, जमीन आमच्या गावची तर नाव आमच्या गावचं. खडकाटोल्याचे सरपंच धनराजभाऊ म्हणत, गाडीत बसणारी माणसं आमची जास्त. अश्विन साहेबांनी दोन्ही नावं जोडून लिहायचं सुचवलं, तर आधी कोणाचं यावर आणखी एक सभा गेली. चौथ्या सभेत साहेबांनी स्टेशनाचा नकाशा आणला. तो हातोहात फिरला आणि दोन्ही गावांचं पहिल्यांदा एकमत झालं की यात काहीच दिसत नाही.

"लेकरू पाह्यल्याबिगर कोनी बारसं करते का साहेब?" धनराजभाऊंनी विचारलं. निशाबाईंनीही मान डोलावली. आधी स्टेशन दाखवा, मग नाव ठेवू. साहेब म्हणाले, आधी नाव ठेवा, मग स्टेशन बांधू. सभा उठली.

यातून वाट काढली ती साहेबांच्याच डोक्याने. वडशात अयूबभाई होते. हिवाळा आला की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, त्या नाटकांचे पडदे गेली तीस वर्षं ते रंगवत आले होते. राजवाडा, तुरुंग, जंगल, गरिबाची झोपडी, श्रीमंताचा दिवाणखाना, सगळं त्यांच्या हातचं. साहेब त्यांच्याकडे गेले आणि तीस फूट लांब, पंधरा फूट उंच पडद्यावर एक स्टेशन काढून द्या म्हणाले. लोकांना एकदा डोळ्यांनी दिसलं की वाद मिटेल.

अयूबभाईंना हे काम आतून भावलं. त्यांनी रंगवलेला एकही वाडा आजवर कोणी बांधला नव्हता. हंगाम संपला की सगळे गुंडाळून पेटीत जात. हे मात्र खरं होणार होतं. ते मुद्दाम हिरडीटोल्याला जागा बघायला आले. सुकलूने त्यांना चहा पाजला आणि सोमारीकडे बघत जरा संकोचत विचारलं, "फलाटावर चढाले पायऱ्या रायतीन का भाऊ? इले पायऱ्या चढनं होत नाई."

"पायऱ्या नाई टाकत. उतार देतो," अयूबभाई म्हणाले, आणि तो उतार त्यांनी नकाशात नसताना काढला.

पडदा असा उतरला की काय सांगावं. फिकट पिवळ्या भिंती, लाल कौलं, तिकिटाची खिडकी आणि तिच्यामागे चष्मा लावलेला बाबू. सावलीत बाक, नळ, नळाखाली ओला झालेला फरशीचा तुकडा. एक पाटी तेवढी कोरी होती. त्याला दोन गावांचा वाद कारण नव्हता. पाटी कोरी ठेवायची ही अयूबभाईंची धंद्यातली सवयच. तोच पडदा एका नाटकात पोलीस ठाणं आणि दुसऱ्यात शाळा होतो, म्हणून पाटीवर त्या-त्या दिवशी कागद टाचायचा असतो.

बांधीत गिट्टीच्या ढिगांपुढे बांबू रोवून पडदा लावला. दोन्ही गावं चटया घेऊन आली आणि रीतीप्रमाणे समोर बसली. साहेबांनी भाषण केलं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि बसूनच राहिले. अर्ध्या तासाने एका म्हाताऱ्याने नाटक कधी सुरू होते म्हणून चौकशी केली. नाटक नाही असं कळल्यावर थोडी नाराजी झाली, पण स्टेशन सगळ्यांना पसंत पडलं. इतकं पसंत पडलं की वाद दुप्पट वाढला. आधी दोन गावं नकाशावरून भांडत होती. आता भांडण्यासारखं काहीतरी समोर उभं होतं.

साहेबांनी मात्र हौसेने लांबून एक फोटो काढला. संध्याकाळचं ऊन होतं, बांबू दिसत नव्हते. सोमारी थकून पुढ्यात बसली होती तीही फोटोत आली. तो फोटो त्यांनी कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हिरडीटोला, पाहणीसाठी."

तासाभरात अभिनंदनाचे अंगठे यायला लागले. मोठ्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं की इतक्या कमी वेळात इतकं नीट काम सबंध लाइनीवर दुसरं नाही. महिन्याचा अहवाल त्याच दिवशी जायचा होता, त्यात फोटो जोडूनही झाला होता. अश्विन साहेबांना घाम फुटला. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्यालयात गेले आणि तो पडदा असल्याचं सांगून टाकलं. मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की काम अपूर्णचं पूर्ण करता येतं, त्याला रकाना आहे. पूर्णचं अपूर्ण करता येत नाही, त्याला रकाना नाही. चार दिवसांत ठेकेदाराची यंत्रं पुढच्या कामावर गेली. गिट्टी तेवढी राहिली.

मार्चमध्ये लाइनीवरून गाडी सुरू झाली. ती हिरडीटोल्याला थांबत नव्हती, कारण थांबा वेळापत्रकात लागतो आणि वेळापत्रकात नाव लागतं. गाडी आज ना उद्या थांबेल असं साहेब म्हणत, आणि साहेबांचा शब्द सुकलूला पुरेसा होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तो सोमारीला घेऊन पडद्यापुढे येऊन बसे. रंगवलेल्या बाकाखाली, खऱ्या मातीत. हाताशी पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी. गाडी यायची, पडदा फडफडायचा, गाडी जायची. मग सुकलू उठून बंडी जुंपायचा. एवढ्यात दीड तास जाई, आणि मशीनवरचा तिचा नंबर हुकून मागे पडत असे.

पडदा न्यायला आलेल्या अयूबभाईंनी हे एकदा पाहिलं आणि पडदा न नेताच ते परत फिरले. त्या रात्री ते जेवले नाहीत. खैरुनने, त्यांच्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं.

"पडदा वाईट झाला असता तं बरं झालं असतं," ते म्हणाले. "कोनी फसलं नसतं."

मे महिन्यात आढावा झाला. हिरडीटोल्याच्या स्टेशनावर उघडल्यापासून एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं. तिकीटखिडकीतला बाबू रंगाचा असल्यामुळे ते तसं अवघडच होतं. स्टेशन तोट्यात आहे, सबब बंद करावं, बांधकाम हटवावं आणि जमीन पूर्ववत करून तसा फोटो पाठवावा, असा हुकूम निघाला.

बांधकाम हटवणं सोपं होतं. चार दोऱ्या सोडायच्या होत्या. पण मागचे गिट्टीचे ढीग उचलायला कोणी तयार नव्हतं, आणि ढिगांचा फोटो चालणार नव्हता. अश्विन साहेब मान खाली घालून पुन्हा अयूबभाईंकडे आले. दुसरा पडदा हवा होता. शेताचा.

अयूबभाईंनी त्यांना दारातच थांबवलं आणि आपण असलं पाप पुन्हा करणार नाही असं सुनावलं. बंद झाल्याचं तरी निदान त्या माणसाला सांगा, म्हणाले. मग साहेबांबरोबर तेच सांगायला गेले, आणि बोलण्यात शेताच्या पडद्याची गोष्टही निघाली. सुकलूने ऐकलं. मग तो बांधीतल्या गिट्टीकडे वळला.

"काढा भाऊ," तो म्हणाला. "पाहाले तं भेटन."

मग पडदा तिथेच, हिरडीटोल्यात काढला. अयूबभाई रंगवत आणि सुकलू शेजारी उभा राहून सांगे. बांध इथून वळते. इथी पानी साचते. धान या बाजूनं आधी पिकते. सोमारी खाटेवर पडून बघत होती. मोहाची झाडं झाली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"तिसरं थोडं वाकलेलं होतं. घराकडं."

अयूबभाईंनी ते झाड पुसून पुन्हा काढलं. आपल्या आयुष्यात इतकं चांगलं चित्र आपण काढलं नाही हे त्यांना कळत होतं, आणि त्याचा त्यांना राग येत होता.

फोटो गेला. भर मे महिन्यात छातीएवढा धान उभा पाहून वर मोठी खळबळ उडाली. उन्हाळ्यातही पिकणारी अशी सुपीक जमीन स्टेशनासाठी दिलीच कोणी, याचा खुलासा मागवण्यात आला. संमतीच्या कागदावर अंगठा सुकलूचा होता. नोटीस त्याला आली.

त्यातच फाइल बंद करायला नाव लागत होतं. कोऱ्या नावाचं स्टेशन बंद करता येत नव्हतं. निशाबाईंच्या ग्रामसभेने ठराव केला की तोट्यातल्या स्टेशनाशी हिरडीटोल्याचा संबंध नाही, ते खडकाटोल्याचं. धनराजभाऊंच्या सभेने त्याच आठवड्यात ते हिरडीटोल्याचं असल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव एकमताने झाले. शेवटी कार्यालयातल्या बाबूने जमिनीच्या कागदावरचं नाव उचललं आणि लिहिलं, सुकलू हॉल्ट, बंद.

श्रावणात नाला चार दिवस भरून वाहिला. बंडी पलीकडे जाईना. मशीनवरचे सोमारीचे दोन्ही दिवस हुकले. गाडी दररोज वेळेवर जात होती, घरापासून दोनशे पावलांवरून. पाचव्या दिवशी पाणी उतरलं, पण तोवर सोमारी गेली होती.

दिवाळीनंतर हिरडीटोल्यात एक ट्रक आला आणि त्यातून स्टेशनाची पाटी उतरली. खरी, सिमेंटची, दोन खांबांची, पिवळी. इमारत एक विभाग बांधतो आणि पाट्या दुसरा, आणि स्टेशन बंद झाल्याचं दुसऱ्याला अजून कळायचं होतं. मजुरांनी ती लाइनीच्या कडेला पक्की रोवली. त्या सगळ्या स्टेशनात तेवढी एकच वस्तू खरी झाली. अक्षरं जागेवर काढायची होती, म्हणून साहेबांनी अयूबभाईंना बोलावलं आणि नावाचा कागद हातात दिला.

सुकलू येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

"का लिवून राह्यले भाऊ?"

"तुमचं नाव आहे, सुकलूभाऊ."

सुकलूने पाटीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "माह्यं नोका लिवू. मी आहो ना अजून. आमच्यात मानूस गेलं की त्याच्या नावाचा दगड उभा करतेत. धान आल्यावर. औंदा धान नाई, म्हनून राह्यला तिचा." त्याने पाटीचा खांब चाचपला. "हा उभाच आहे तं तिचं लिवा."

अयूबभाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्याची घडी केली आणि तो खिशात घातला. सज्जन माणसाच्या हातून क्वचित असंही होतं.

तीस वर्षं पाट्या कोऱ्या ठेवणाऱ्या अयूबभाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाटीवर कायमचं नाव लिहिलं. काळ्या रंगाचे दोन हात दिले, पावसाने जाऊ नये म्हणून. दुपारची गाडी आली तेव्हा रंग ओलाच होता. गाडी थांबली नाही. खिडकीत बसलेल्यांनी मात्र नवं गाव आलं म्हणून डोकी बाहेर काढली आणि जाता जाता ते नाव मोठ्याने वाचलं. सुकलूला ते ऐकू आलं.

कार्यालयाच्या नोंदीत ते आजही सुकलू हॉल्ट, बंद असंच आहे. पाटीवर दुसरंच नाव असल्याचं तिथे कोणाला माहीत नाही, कारण त्याचा फोटो कोणी पाठवला नाही.