तळं जेवलंय

सूर्यवंशी रोज सकाळी सहा वाजता जेवणाचं ताट तळ्यात बुडवतात. स्टीलचं, पांढरा रंग दिलेलं, कडेला तीन भोकं पाडून दोऱ्या बांधलेलं. ताट दिसेनासं झालं की दोरीवरच्या गाठी मोजतात आणि पिंपळाला टांगलेल्या पाटीवर खडूनं लिहितात, 'आज दीड वीत दिसलं.'

चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते, माल पास-रिजेक्ट करायचे. रिटायर झाल्यावर घरचे लातूरला परतले. "तळं पास झालं की येतो," असं सांगून हे आमच्या सोसायटीमागच्या, तळ्याकाठच्या एका खोलीत राहिले. त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. फिरायला आलेल्यांना वाटलं, भुकेले आहेत. सगळ्यांनी ब्रेड टाकला. अर्धा पुडा माझा होता. तिसऱ्या दिवशी बरेच मासे उलटे तरंगत होते. सूर्यवंशींनी ते टोपलीनं काढले.

"भूक नव्हती ती. धाप होती," ते म्हणाले. "टाकलेलं कुजतं, पाण्यातली हवा संपवतं. मग ह्यांनी काय घ्यावं?"

तेव्हापासून पुडा दिसला की ते आडवे येतात. "तळं जेवलंय. पुढं चला." एका तरुण मॅनेजरला त्यांनी बिस्किटांसकट अडवलं. "रिजेक्ट. कशाला टाकायलाव?"

"तळं तुमच्या बापाचं आहे का, राव?"

"बापाला शुगर होती. त्याला बी असाच आडवत होतो."

सगळ्यात लांबलं ते हिराबाईंशी भांडण. त्या मूळ गावातल्या, सत्तरीच्या. रोज एक भाकरी माशांना घालायची, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. "लातूरचा माणूस आमच्या तळ्याला उपाशी मारतोय," असं त्या गावभर सांगत. भाकरी मात्र पदराखालून परत नेत.

या उन्हाळ्यात पाणी निवळलं, ताट तीन वीत खोल दिसू लागलं. पहाटे एकही मासा धाप लागून वर आला नाही. परवा सूर्यवंशी ताट सोडायला वाकले होते. मी म्हणालो, "पास झालं की. आता लातूरला जा."

ते दोरीचा गुंता सोडवत राहिले. "तिकडं सगळ्यांची घडी बसलीय आता. मी गेलो की जागा करावी लागंल त्यांना."

हिराबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पदराखालची भाकरी बाहेर काढली.

सूर्यवंशी सवयीनं म्हणाले, "तळं जेवलंय, मावशी."

"ठावं हाय मला. तुमी जेवला का?"

सकाळचे सव्वासहा झाले होते. सूर्यवंशींनी आठवून पाहिलं. "काल दुपारी," ते म्हणाले.

हिराबाईंनी त्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं, पदरानं पुसलं आणि दोऱ्या बाजूला सारून त्यात भाकरी ठेवली.

पाटीवर त्या दिवशीचा आकडा नाही.