‘येते’ म्हणाली आणि गेली

कादंबरीतलं कुणी रुसलं की देवरे सर अख्ख्या बिल्डिंगला कामाला लावतात. पुस्तकात बोट घालून आमच्या दारात उभे : "ही बाई भरल्या ताटावरून उठली. का उठली? कारण सांगा!" कादंबरी आम्ही वाचलेली नाही, ही सबब त्यांना चालत नाही. एकदा त्यांनी जिन्यात खालच्या जिग्नेशभाईंना गाठलं. भाईंनी निमूट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, भूख नहीं होगी."

सर भेस्तानच्या एका मराठी शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं व्याकरण काही निवृत्त झालं नाही. सगळं जग निघताना ‘येतो’ म्हणतं, सर ‘जातो’ म्हणतात. "जाणारा माणूस ‘येतो’ कसा म्हणेल? क्रियापद चुकतं!" आमच्या सौ.ला हे अशुभ वाटतं. ती दर वेळी मागून "या हं" म्हणून भरपाई करते.

परवा सर आले ते पुस्तकाशिवाय.

"एका कादंबरीत," ते म्हणाले, "बायको पिशवी घेऊन दारात ‘येते’ म्हणते. नवरा वाचत असतो. तो म्हणतो, ‘जा.’ तेव्हापासून ती फोनच उचलत नाही. का? वाक्य तर शुद्ध आहे!"

"कोणती कादंबरी?"

"आहे एक. मग ती बारडोलीच्या बसमध्ये बसते..."

बारडोलीला देवरेवहिनींची बहीण राहते. वहिनी बरेच दिवस दिसल्या नव्हत्या, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मला हसू येणार होतं, पण सरांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. वाईट वाटलं.

सौ.ने चहा पुढे ठेवला. "सर, बाई ‘येते’ म्हणते तेव्हा ती विचारत असते. परत येऊ ना, असं. आणि त्यानं सांगितलं, जा."

सर बशीकडे बघत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं ती मला विचारत होती?"



चहा अर्धा टाकून ते उठले. "बारडोलीची बस आत्ता मिळेल ना?" चपला घालून ते उंबऱ्यात अडखळले. मग जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "वहिनी, येतो."

सौ. "या हं" म्हणेपर्यंत ते जिना उतरायला लागले होते. खालून आवाज आला, "दोघं येतो!"