मृगजळ न दिसल्याबद्दल

आमच्या नामियोसे शहरात वसंतातल्या मोजक्या दिवशी समुद्रावर मृगजळ दिसतं. उरलेल्या दिवशी ते दिसत नाही. यातलं पहिलं वाक्य नगरपालिकेच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं आहे. दुसरं छापायचं राहून गेलं.

छापणाऱ्यांना तरी काय बोलणार? दाखवायला आमच्याकडे दुसरं आहे काय! पूर्वेच्या शहराला किल्ला आहे, पश्चिमेच्या शहराला गरम पाण्याचे झरे आहेत. आमचं एक दीपगृह होतं, ते नव्या मोजणीत शेजाऱ्यांच्या हद्दीत निघालं. तेव्हा पर्यटन विभागानं बंदराच्या धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून बाकं मांडली, एक चौकी उभी केली आणि तिच्यात उमेगाकी शुन्साकु नावाच्या कारकुनाला बसवलं. उमेगाकी-सान म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, गरीब स्वभावाचे, टाळूवर बशीएवढं टक्कल असलेले गृहस्थ. आज मृगजळाची शक्यता चांगली, बरी की कमी, हे सकाळी फळ्यावर लिहायचं आणि संध्याकाळी पुसायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

एप्रिलातल्या एका रविवारी गिफूकडच्या डोंगरातून ज्येष्ठ नागरिकांची एक बस आली. मंडळी सकाळपासून बाकांवर बसली. भाजलेलं माकूळ खाऊन झालं, डबे संपले, आळीपाळीनं डुलक्या काढून झाल्या. समुद्र आपला जसाच्या तसा. बस सुटायची वेळ झाली तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी काठी आपटली.

"दिवस फुकट गेला आमचा! याला जबाबदार कोण?"

आता, हा प्रश्न हवेत लोंबकळत ठेवायची आमच्या देशात पद्धत नाही. कुणीतरी तो अंगावर घ्यावाच लागतो. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावर समुद्रपक्षी होते, माकूळ भाजणारी ओतोमे मावशी होती आणि उमेगाकी-सान होते. नगरपालिकेचा बिल्ला फक्त उमेगाकी-सानांच्या छातीवर होता.

ते पुढे झाले. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकले.

"आज मृगजळ दिसू शकलं नाही. शहराच्या वतीनं मी मनापासून दिलगीर आहे."

आणि वाकले ते वाकलेच. पाठ अशी सपाट, की वर चहाचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले.

"काय वाकला हो माणूस!" ते म्हणाले. "माझ्या जावयानं पोरीला माहेरी धाडलं होतं, तेव्हा तोसुद्धा इतका मनापासून नाही वाकला, मेला!"

बसमधल्या एका बाईंनी ते सगळं फोनवर टिपलं होतं. पुढच्या रविवारी सहा बसगाड्या आल्या. खाली उतरता उतरता लोक ओतोमे मावशीला विचारत होते, "माफी किती वाजता असते हो?"

सोमवारी विभागप्रमुख कुरामोची साहेबांनी उमेगाकी-सानांना बोलावून घेतलं. साहेबांच्या उभ्या नोकरीत गर्दी खेचणारी गोष्ट पहिल्यांदाच हाती लागली होती, त्यामुळे त्यांनी ती ताबडतोब नियमात बसवायला घेतली.

"रोज अकरा वाजता आणि तीन वाजता," साहेब म्हणाले. "अधिकृत नाव, 'नैसर्गिक दृश्य अनुपलब्धताविषयक दिलगिरी'. कोन पंचेचाळीस अंशांचा. सुट्टीच्या दिवशी नव्वद."

"पण साहेब, अकरा वाजता माफी कशी मागायची? सगळा दिवस बाकी असतो."

"आगाऊ मागायची. पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं नाही, हेच तर आपलं आदरातिथ्य!"

"आणि दुपारी खरंच दिसलं तर?"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नका, उमेगाकी."

झालं, गाडी सुसाट सुटली. मिठाईवाल्यांनी कमरेत वाकलेला मांजू, म्हणजे वाफवलेला गोड पाव, काढला, आत गोड पुरण आणि टाळूला तीळ न लावलेली एक गोल जागा. वाकल्यावर उमेगाकी-सानांचं टक्कल थेट प्रेक्षकांसमोर येतं, हे लोकांनी हेरलं होतं. लहान मुलं ते टक्कल दिसलं की टाळ्या पिटत. नगरपालिकेनं लगोलग गटारांची नवी झाकणं ओतून घेतली, त्यांवर मध्यभागी तेच टक्कल आणि भोवती लाटा. मे महिन्यात टाळूवर थोडी लव उगवलेली दिसली, तेव्हा विभागात तातडीची बैठक बसली.

"काही तेलबिल लावता काय?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"बायकोनं आणलं होतं, साहेब. भावनेच्या भरात."

"घरच्या भावना घरी ठेवा. हे डोकं आता सार्वजनिक मालमत्ता आहे."

मग प्रेक्षकांची तक्रार आली, की फोटो काळे येतात. तीनच्या दिलगिरीला ऊन समुद्राकडून येतं आणि उमेगाकी-सान समुद्राकडे पाठ करून वाकतात, त्यामुळे टक्कल नीट उजळत नाही. तक्रार रास्त होती. अभियंत्यांनी पाहणी केली आणि बाकं उलटी फिरवली. आता उमेगाकी-सान जमिनीच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे आणि पाहुणे समुद्राकडे पाठ करून बसायचे. फोटो झकास यायला लागले. एकदोघांनी बारीक आवाजात विचारलं, की मग मृगजळ कसं दिसणार? पण ते दिसत नाही याचीच तर माफी आहे, असं समजावल्यावर त्यांनाही पटलं.

फळ्याचंही उलटं झालं. 'शक्यता कमी' असं लिहिलं की लोक टाळ्या वाजवत आणि एकमेकांना शुभेच्छा देत. 'शक्यता चांगली' लिहिलं की बसगाड्या रद्द होत. तेव्हा फळ्यावर कायम 'कमी' लिहावं, असा तोंडी आदेश निघाला.

इकडे उमेगाकी-सानांच्या घरात वेगळंच वारं वाहत होतं.

फुसाए, म्हणजे त्यांची बायको, ही नागानोच्या डोंगरातली. लग्न ठरवायला दोन्ही घरं बसली होती, तेव्हा उमेगाकी-सानांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या समुद्रावर मृगजळ दिसतं. पहिल्याच वसंतात दाखवीन तुम्हाला." पहिल्या वसंतात खात्याची परीक्षा आली. दुसऱ्यात मुलाला गोवर. मग कधी ऑडिट, कधी निवडणूक. असे सव्वीस वसंत गेले. एकटी जाऊन बघायला फुसाए काही लुळी नव्हती, पण शब्द दिलेल्या माणसानंच दाखवावं, हा तिचा हट्ट होता, आणि हट्टाला ती पक्की होती.

"अख्ख्या देशाची माफी मागता," एका संध्याकाळी ती भात वाढता वाढता म्हणाली. "माझी मागितलीत कधी?"

"कशाबद्दल?"

"घ्या! कशाबद्दल, तेसुद्धा मीच सांगायचं!"

उमेगाकी-सानांना सगळं समजलं. वाकावंसंही वाटलं. पण दिवसभर वाकून कंबर अशी धरली होती, की मलमाच्या पट्ट्या चिकटवून ते फळीसारखे ताठ बसले होते. "आत्ता नाही गं वाकता येत," ते कळवळून म्हणाले. "सकाळी अकराला जरा सैल होते."

"म्हणजे बायकोनंसुद्धा कार्यालयीन वेळेतच यायचं," फुसाए म्हणाली. "ऐका नीट. हा वसंत शेवटचा. यंदा शब्द पाळलात तर ठीक, नाहीतर जूनमध्ये मी निघाले धाकट्या बहिणीकडे. कायमची. मग बसा एकटे, टक्कल कुरवाळत!"

ती थट्टा करत नव्हती. लोणच्याच्या पिंपावर ठेवायचा माहेरचा दगड तिनं कापडात बांधून दाराशी आणून ठेवला होता. तिच्यावाचून उमेगाकी-सानांचं पान हलत नसे, आणि हे त्यांनी तिला कधी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते रजा मागायला गेले. साहेब मनाचे मोठे, त्यांनी एक दिवस दिला आणि जागेवर मिनेगिशी नावाचा तरणाबांड कारकून उभा केला. मिनेगिशी छान वाकला, अगदी नियमानुसार. पण त्याच्या डोक्यावर दाट केस! प्रेक्षक खवळले. "ह्याला कसलं आलंय दुःख?" "आम्ही ओसाकाहून आलोय, खरी माफी पाहिजे!" असा गलका सुरू झाला. उमेगाकी-सान आणि फुसाए नुकतेच हातात डबा घेऊन समुद्रावर पोचत होते. साहेबांनी त्यांना वाटेतच गाठलं. बदली माणूस दिल्याबद्दलची दिलगिरी व्यक्त करण्यात उमेगाकी-सानांची ती रजा संपली. फुसाएनं दोघांचा डबा एकटीनं खाल्ला आणि ती घरी निघून गेली.

त्यानंतर रजेचं नाव काढायची सोय उरली नाही. मे संपत आला. अशात एका दिवशी सकाळपासून वारा पडला. हवा गरम, पाणी थंडगार. तीस वर्षं बंदरावर काढलेली ओतोमे मावशी शेगडीवरून आभाळाकडे बघत म्हणाली, "उमेगाकी बाबा, आज काहीतरी गडबड आहे हो." उमेगाकी-सानांनी तोंडी आदेशाला स्मरून फळ्यावर 'कमी' लिहिलं. टाळ्या पडल्या.

तीन वाजायच्या आधी त्यांना पहिल्या रांगेत फुसाए दिसली. ठेवणीतली टोपी घालून, हातातली पिशवी मांडीवर घेऊन, बाकीच्यांसारखीच समुद्राकडे पाठ करून बसली होती. सकाळी अकरापासून रांगेत उभी होती म्हणे. कुरामोची साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून स्वागत केलं. शेदीडशे फोन वर झाले.

उमेगाकी-सान पुढे आले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, आणि वाकण्यापूर्वी सवयीनं एकदा मान वर केली.

आणि त्यांना ते दिसलं.

"अहो, दिसतंय!" ते किंचाळले. "मागे बघा! सगळे मागे बघा!"

कुणी हललं नाही. "आज नवीन काहीतरी आहे," एक बाई शेजारणीला म्हणाली. "मागच्या वेळी हे नव्हतं." आणखी फोन वर झाले. एकानं "वा!" असं ओरडून दाद दिली.

"वाका, उमेगाकी, वाका!" साहेब दात आवळून पुटपुटत होते.

"साहेब, खरंच दिसतंय हो!"

"मग तर आधी वाका! लोक माफीसाठी आलेत!"

उमेगाकी-सानांनी शिस्त, बिल्ला सगळं गुंडाळून ठेवलं आणि ते पहिल्या रांगेपाशी धावले. "फुसाए, मागे बघ! एकदाच बघ गं! सव्वीस वर्षं ज्याची वाट बघतेयस, ते तुझ्या पाठीमागे आहे!"

फुसाए जागची हलली नाही. तिनं पिशवी घट्ट धरली.

"पळवाट नको," ती म्हणाली. "आधी वाका."

"अगं, जाईल ते!"

"सव्वीस वर्षं जातंच आहे. वाका म्हटलं ना!"

उमेगाकी-सानांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात फरशीवर टेकले आणि कपाळ पार जमिनीला लावलं. "फुसाए, माझं चुकलं," ते म्हणाले. "पहिल्या वसंतापासून चुकलं. तू गेलीस तर मी काय करू, मला माहीत नाही." हे काही नियमावलीत नव्हतं. धक्क्यावर हुंदके फुटले. ओसाकाची मंडळी ढसाढसा रडली. मिनेगिशी रडला. कुरामोची साहेबांनी रुमालानं डोळे पुसत, हाच मजकूर रोजच्या दिलगिरीत कसा घेता येईल याचा विचार सुरू केला.

तेवढ्या वेळात त्या गर्दीत समुद्राकडे तोंड असलेला एकच जीव होता. आईनं खांद्यावर घेतलेलं, तिच्या पाठीमागे बघणारं एक तान्हं पोर. ते समुद्राकडे हात नाचवत खिदळत होतं. त्याचं म्हणणं टिपून घ्यायला कुणी आलं नाही.

उमेगाकी-सान उठून उभे राहिले, तेव्हा समुद्र पुन्हा सरळ झाला होता. फुसाएनं डोळे टिपले, टोपी नीट केली आणि मागे वळली.

"हं, दाखवा. काय दाखवत होतात मघाशी?"

"काही नाही," उमेगाकी-सान म्हणाले. "गेलं ते."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दिसेल. कंबर लागली का हो? चला घरी, मी शेकून देते." आणि तिनं भर गर्दीत नवऱ्याचा हात धरला. अशी ती आजवर कधी चारचौघांत चालली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हवामानवाल्यांनी जाहीर केलं, की काल नामियोसेला कित्येक वर्षांतलं सर्वांत मोठं मृगजळ झालं. शहराच्या तोंडचं पाणी पळालं. रोज दोनदा ज्याच्या न दिसण्याची माफी मागितली, ते पूर्वसूचना न देता दिसलं! रविवारी मृगजळ दिसल्याबद्दलची विशेष दिलगिरी झाली, नव्वद अंशांत. तिला आजवरची सगळ्यांत जास्त गर्दी होती.

आता एक बारीकशी बाब उरते. त्या दुपारी समुद्रावर नक्की काय दिसलं, हे या कथेत कुठंही सांगितलेलं नाही. कुणीतरी विचारील म्हणून सांगणाऱ्यानं बराच वेळ वाट पाहिली. पण आपणही पहिल्यापासून वाकलेल्या माणसाकडेच बघत होतात. त्याबद्दल कुणी कुणाची माफी मागायची, हे विभागानं अजून ठरवलेलं नाही.