सर्वानुमते संगणक

आमच्या घरी संगणकाची गरज निर्माण झाली असल्याची बाब सर्वप्रथम ताईच्या निदर्शनास आली, कारण तो तिलाच हवा होता.

ताईला एका कंपनीत नोकरी लागली होती. लोकांच्या घराचं काम सुरू होण्याआधीच ते घर आतून कसं दिसेल याची चित्रं संगणकावर काढायची, आणि तीही घरी बसून. या नोकरीसाठी तिने वर्षभर चपला झिजवल्या होत्या. अट एवढीच होती की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्याकडे स्वतःचा दणकट डेस्कटॉप हवा. नसला तर जागा दुसऱ्याला. तिचा जुना लॅपटॉप एक सोफा काढेपर्यंत तग धरायचा. शेजारी खुर्ची ठेवायला गेलं की धापा टाकून बंद पडायचा.

तिने चहाच्या वेळी सहज सांगितलं, "तयार नाही घेणार. सुटे भाग आणून मीच जोडते. स्वस्त पडतं आणि मला हवा तसा होतो."

इथेच तिचं चुकलं. तयार संगणक म्हणाली असती तर विषय एका भांडणात मिटला असता. पण सुटे भाग म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं की आपल्या वाट्याला एकेक येऊ शकतो.

आमच्या घराचा एक दंडक आहे: कोणाचंही मन दुखवायचं नाही. यामागे कटू अनुभव आहे. मागे एकदा मामाला न विचारता फ्रिज घेतला गेला. मामा तेव्हापासून आमच्याकडे यायचा, जेवायचा, पण फ्रिजमधलं पाणी प्यायचा नाही. कोमट पाणी पिताना आईकडे अशा नजरेने बघायचा की शेवटी आम्ही सगळेच कोमट पाणी प्यायला लागलो. सबब, त्यानंतर घरातली प्रत्येक खरेदी सर्वानुमते होते. पडद्यांच्या बाबतीत अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे खिडकीला तूर्तास चादर आहे.

बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच बैठक बोलावली. मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात असल्याने इतिवृत्त लिहिण्याचं काम परंपरेने माझ्याकडे असतं. काका, ज्यांचं फर्निचरचं दुकान आहे, ते गिऱ्हाईक सोडून आले. मामा बोलावण्याआधीच आलेला होता.

वाटप शांततेत पार पडलं. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात पॉवर सप्लाय म्हणतात, तो बाबांनी स्वतःकडे ठेवला, कारण घराचं वीजबिल तेच भरतात. बाहेरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, काकांकडे गेली. मदरबोर्ड आईकडे गेला, त्यावर चर्चेची गरजच भासली नाही. रॅम मामाला दिली आणि प्रोसेसर मला. उरलेल्या किरकोळ गोष्टी ताईने बघाव्यात, असं ठरलं.

"अहो, पण हे भाग एकमेकांना जुळायला लागतात," ताई म्हणाली. "या बोर्डवर तोच प्रोसेसर बसतो, त्याच प्रकारची रॅम लागते. मी नावं सांगते, तुम्ही फक्त तेवढीच..."

"आम्ही काय हमाल आहोत का नावं सांगून माल आणायला?" बाबांनी शांतपणे विचारलं. "प्रत्येकाने आपापला भाग चांगला आणला की झालं. चांगल्या गोष्टी जुळतातच."

"इतकी वर्षं आम्ही सगळे जुळवून घेतोय ना एका घरात?" मामा म्हणाला. मामा आमच्या घरात राहत नाही. पण मुद्दा बिनतोड होता.

खरेदीला सुरुवात झाली. बाबांनी दुकानातले सगळे पॉवर सप्लाय एकेक करून तळहातावर तोलले आणि सर्वांत जड उचलला. दुकानदार त्यातले आकडे समजावून सांगू लागला तेव्हा बाबा म्हणाले, "आकडे छापता येतात. वजन छापता येत नाही." काकांनी कॅबिनेट निवडताना ते दिवाणखान्यातल्या सोफ्याशेजारी कसं दिसेल एवढाच निकष लावला. तीन बाजूंनी काच, आत पंखेच पंखे, आणि प्रत्येक पंख्याला रंग बदलणारे दिवे. ते घरी आणलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं आम्ही मासे पाळतोय.

मामाने रॅम ओळखीतून आणली. त्याचा दुकानांवर विश्वास नाही. ज्या माणसाने ती दिली त्याने एकावर एक फुकट दिली, त्यामुळे मामा इतका खूश होता की ती कुठल्या जातीची आहे हे विचारायचं राहून गेलं. मी मात्र कार्यालयीन पद्धतीने गेलो. तीन दुकानांतून भाव मागवले आणि त्यातला सर्वांत महाग, कालपरवाच बाजारात आलेला प्रोसेसर घेतला. स्वस्त वस्तू बिघडली तर चौकशी होते. महाग वस्तू बिघडली तर सगळे मिळून हळहळतात. नोकरीत एवढं तरी शिकलो आहे.

या साऱ्या व्यवहारात अनियमितता एकाच ठिकाणी झाली. आईने बाजारात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात ताईला हळूच विचारलं, "तुला कुठला हवाय गं?" आणि ताईने सांगितला तोच मदरबोर्ड घेऊन आली. स्वतःचं डोकं अजिबात वापरलं नाही. ही गोष्ट इतरांना कळली असती तर फार वाईट वाटलं असतं.

जोडणीच्या दिवशी सगळे दिवाणखान्यात जमले. ताईने मदरबोर्ड टेबलावर ठेवला, माझा प्रोसेसर हातात घेतला, खालून बघितला, बोर्डाकडे बघितलं आणि परत डबीत ठेवला.

"बसणार नाही. याची बैठक वेगळी आहे."

"थोडा दाबून बघ," काका म्हणाले. "आमच्याकडे कपाटाची दारंसुद्धा पहिल्यांदा दाबूनच बसवतात."

"नवीन आहे अजून," मामा समजुतीने म्हणाला. "नवी चप्पल नाही का आधी चावत? दोन दिवस नुसता शेजारी ठेव, होईल ओळख."

ताईने मामाची रॅम घेतली. रॅमच्या पट्टीला खालून एक खाच असते आणि ती बोर्डावरच्या खाचेला जुळावी लागते. मामाच्या पट्टीची खाच दुसऱ्याच ठिकाणी होती. मामाने खिशातून कानस काढली. मामाच्या खिशात कानस का असते हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, पण आईने ती वेळेवर काढून घेतली.

अखेर तज्ज्ञ म्हणून, बाबांनी आणि मी जिथून माल घेतला होता त्याच दुकानदाराला पाचारण केलं. तो चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, एकेक वस्तू लाखात एक आहे. फक्त ह्या एकमेकांच्या नाहीत."

"म्हणजे दोष कोणाचा?" बाबांनी विचारलं.

"दोष कोणाचाच नाही."

हे उत्तर कोणत्याही चौकशीत ग्राह्य धरलं जात नाही. दुकानदार गेल्यावर बाबांनी रीतसर सुनावणी घेतली. प्रोसेसर मदरबोर्डवर बसत नाही. रॅमही मदरबोर्डवर बसत नाही. दोन्ही तक्रारींत समान आरोपी एकच. दोष बहुमताने मदरबोर्डवर निश्चित करण्यात आला आणि त्याने हेकेखोरपणा सोडून इतरांशी जुळवून घ्यावं असा ठराव झाला. आईने "बरं" म्हटलं आणि चहाचे कप उचलले.

"तो बोर्डच बरोबर आहे," ताई म्हणाली. "प्रोसेसर आणि रॅम तेवढी बदलू या ना. बाकी मी बघते."

मामाने टेबलावरचा पाण्याचा ग्लास दूर सरकवला. ताईला त्या ग्लासाचा अर्थ कळला आणि तिने विषय सोडला.

"कोणताही भाग परत न करता सुसंगती साधावी," असं मी इतिवृत्तात लिहिलं, आणि ते सर्वांना मान्य झालं. त्याची कार्यवाही अशी: काकांनी सुचवलं की प्रोसेसरला साजेसा आणखी एक मदरबोर्ड घ्यावा. मामा म्हणाला, मग माझ्या रॅमला साजेसा का नको? बाबा म्हणाले, दोघांना वेगवेगळे बोर्ड दिले तर पॉवर सप्लाय कोणाला द्यायचा, ही फूट पाडण्याची सुरुवात आहे. तेव्हा प्रथम धोरण ठरवावं, असं ठरलं. धोरणावर रोज संध्याकाळी बैठक होऊ लागली. आमचं घर बऱ्याच काळात इतकं आनंदी नव्हतं. काका दुकान लवकर बंद करून येत. मामा मुक्कामालाच आला.

फक्त ताई वाळत चालली होती. कंपनीने विचारलं होतं की यंत्र तयार आहे ना, पहिल्याच दिवशी काम पाठवायचं आहे. ती जेवताना घास हातात धरून कॅलेंडरकडे बघत बसायची. तिला बघून माझा जीव तुटायचा आणि मी तसं इतिवृत्ताच्या शेवटी, किरकोळ विषयांत, नोंदवलंही.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी आईने माझा प्रोसेसर डबीसकट पिशवीत टाकला आणि म्हणाली, "मी नि ताई भाजीला जातोय." मी पेपर वाचत होतो. मी पेपर वाचतच राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी मान वर करायची नाही हे मला नेमकं कळतं.

दुकानदाराने तो महागडा प्रोसेसर परत घेतला. त्याच्या बदल्यात आईच्या बोर्डाला चालणारा साधा प्रोसेसर, साधी रॅम आणि साधा पॉवर सप्लाय आला, आणि वर चित्रांचं काम पेलणारं ग्राफिक्स कार्डही आलं. डिस्क आणि जुना स्क्रीन ताईने स्वतः मिळवला होता. या गोष्टी लागतात हे आमच्या बैठकांत निघालंच नव्हतं. आतल्या खोलीत, बुटांच्या रिकाम्या खोक्यावर तिने ते सगळं उघडंच मांडलं. ना पेटी, ना काच. बटणही नव्हतं, बोर्डावरच्या दोन खिळ्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवून ती संगणक चालू करायची. पहिल्यांदा तो चालू झाला तेव्हा तिने एक सोफा काढला, शेजारी खुर्ची काढली, मग टेबल, मग दिवे, खिडकी, खिडकीला पडदे. काहीही बंद पडलं नाही. ती खोक्यासमोर बसून रडली आणि आईने दार लोटून घेतलं.

पण दिवाणखान्याचं काय, हा प्रश्न होताच. तो दुकानदाराने सोडवला. काकांची पेटी आणि बाबांचा जड पॉवर सप्लाय हे दोघे एकमेकांना चालत होते. त्याने एक छोटी तार अशी जोडली की बोर्ड नसतानाही सगळे पंखे फिरू लागले आणि सगळे दिवे लागले. मामाच्या रॅमच्या पट्ट्या ताईने काचेच्या आतून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावल्या, दर्शनी भागात. माझ्या प्रोसेसरची रिकामी डबी दुकानदाराकडून मागून आणून मधोमध ठेवली. मी तिला अडवलं नाही. डबी छान दिसत होती.

उद्घाटनाला सगळे होते. बाबांनी बटण दाबलं. पंखे घुमले, दिवे निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे हिरवे झाले. टाळ्या पडल्या.

"आवाज ऐक पुरवठ्याचा," बाबा म्हणाले. "वजन बोलतं ते हे."

"माझ्या रॅमचा वेग बघा," मामा पंख्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "दिसतसुद्धा नाही, इतका आहे."

"जुळलं ना शेवटी?" काका म्हणाले. "उगाच पोरगी घाबरत होती."

मामाने त्या आनंदात स्वतः उठून फ्रिज उघडला आणि गार पाणी प्यायला. आईने माझ्याकडे बघितलं. स्क्रीन कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही. संगणकावर काय चालू आहे, हेही नाही. ते बघायची गरज ताईशिवाय कोणालाच नव्हती, आणि ताई आत कामावर होती.

आता ती रोज आत काम करते आणि तिचं कौतुक दिवाणखान्यात होतं. कंपनीने तिला कायम केलं तेव्हा बाबांनी पेटीवरची धूळ स्वतः पुसली. पाहुणे येतात, दिवे बघतात, कोणी काय निवडलं ते विचारतात आणि आपल्याकडेही असाच सर्वांच्या विचाराने संगणक घ्यायचा असं ठरवून जातात. आमच्या कार्यालयाने तर मला सल्लागार म्हणून समितीवर घेतलं आहे. तिथे आमच्या पेटीहून मोठी पेटी येणार आहे.

आता राहता राहिलात तुम्ही. हे वाचताना मध्येच तुमच्या मनात आलं होतं की प्रोसेसर अमुक घ्यायला हवा होता, किंवा तुमच्या ओळखीत एक माणूस आहे, त्याला आधी विचारायला हवं होतं. आलं नसेल तर क्षमा करा. आलं असेल तर कळवताना संकोच करू नका. ताईला काय हवंय ते तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. माऊस अजून कोणालाच दिलेला नाही आणि पुढची बैठक रविवारी आहे.