कोंडवाडा, टू बीएचके

फाटक

चांदूर बाजारचा बंद पडलेला दगडी कोंडवाडा खुशालरावांनी लिलावात घेतला आणि त्याचं घर केलं. काळे दगड तसेच ठेवले. आत गुळगुळीत फरशी, फॉल्स सीलिंग, मोबाइलवर उघडणारं दार. फक्त बायको यायची राहिली होती. जिथं गावची मोकाट ढोरं कोंडत, तिथं मी राहणार नाही, म्हणून सत्यभामाबाई अकोल्याला लेकीकडे जाऊन बसल्या होत्या. शेवटी एकदा बघून जायला कबूल झाल्या. शेणाचा वास जरी आला, तरी परतीची एसटी.

त्या यायच्या दिवशीच डोमाजीनं म्हैस हाकत आणली.

"खुशालभाऊ, हिनं माहा हरभरा खाल्ला. कोंडा."

"अरे, घर हाये हे आता."

"दगड त तेच हायेत."

खुशालराव मोबाइलवर दार लावेपर्यंत म्हैस आत गेली होती.

हॉल

मागोमाग म्हशीचा मालक महादेवराव आला. खुशालरावांना हायसं वाटलं. "घेऊन जा बाप्पा हिले."

"कशी नेऊ? नेली म्हंजे हरभरा हिनंच खाल्ला, असं कबूल केल्यासारखं होते." महादेवराव सोफ्यावर बसला.

"मंग डोमाजी, तू ने."

"मी नेली म्हंजे मी खोटा." डोमाजी त्याच्या समोर बसला.

"मीच सोडतो मंग."

"तुमी सोडली त दोघायचा अपमान," दोघं एकदम म्हणाले. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं. "आन् कोंडल्या ढोराले चारापाणी कोंडवाड्याचं असते."

किचन

म्हशीनं फ्रिजमधली मेथी खाल्ली, नव्या सिंकमध्ये पाणी प्याली. ती हलली की सेन्सरचा दिवा लागे. दिवा लागला की ती दचके. दचकली की शेणाचा पो टाके. खुशालरावांनी घाईघाईनं गुलाबाचा स्प्रे मारला. म्हैस आता लग्नाला निघाल्यासारखी वाटू लागली.

उंबरठा

सत्यभामाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी वास घेतला. म्हैस पाहिली, सोफ्यावरचे दोघे पाहिले, खराटा घेतलेला नवरा पाहिला.

"कोणाची चूक?"

तिघांनी तीन दिशांना बोटं केली.

"म्हंजे म्हशीची नाही."

त्यांनी नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, म्हैस बाहेर नेऊन कडुलिंबाला बांधली आणि दार लावून टाकलं.

"अवं," खुशालराव खिडकीतून म्हणाले, "मले काहून कोंडलं?"

"भांडण मिटलं की आवाज द्या."

आत डोमाजीनं पंखा वाढवला. "घर मात्र थंडगार केलं, भाऊ."

अकोल्याची एसटी हॉर्न देत चौकातून गेली. सत्यभामाबाई पायरीवर बसून डबा सोडत होत्या. त्या उठल्या नाहीत. खुशालरावांनी खिडकीचे गज घट्ट धरले. आता ओरडून काही बिघडवायचं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची पंचफुला एक गोऱ्हा ओढत आली. "काकू, कोंडवाडा पुन्हा चालू झाला म्हणते. जागा हाये का?"

सत्यभामाबाईंनी मान वळवून खिडकीत पाहिलं.

"आज भरला हाये," त्या म्हणाल्या. "उद्या आण."