श्रमपरिहार केंद्राची वांगी

"माणूस हा मुळात विश्रांतीसाठी जन्माला आला आहे, श्रम हा मधल्या काळात शिरलेला दोष आहे," असे ग्रामसुख मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितले. भाषण बरेच लांबले. खुर्च्या श्रमलेल्या पाहुण्यांसाठी राखीव असल्यामुळे सकाळपासून निंदण करून आलेल्या बाया ते उभ्यानेच ऐकत होत्या. त्यांतल्या एकीला उभ्या उभ्या डुलकी लागली. तेव्हा केंद्राचे व्यवस्थापक मदनसिंग यांनी तिला हलवून जागे केले आणि दबक्या आवाजात बजावले, "विश्रांतीवर भाषण चालू हाय, बाई. झोपता काय?"

हा समारंभ रिसोडच्या अलीकडे, चंपत माळ्याच्या बागाइताला लागून झाला. भगवंतराव वर्षभर जीपमधून खेडी पाहत होते. खेडी पाहून माणूस फार थकतो. खेड्यात राहून थकतो त्याहून अधिक, कारण खेड्यात राहणाऱ्याला तेवढी सवय असते. म्हणून मंडळाने ठराव केला की, खेड्यांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्यांना खेड्यातच उंची प्रकारची विश्रांती मिळावी. त्यानुसार कवेलूंच्या छपराचा बंगला उठला. पुढे वेताच्या आरामखुर्च्या आल्या, मागे मातीस्नानाचा हौद खोदला गेला, आणि एक पांढराशुभ्र विलायती टब गवतात गुंडाळून बैलगाडीतून आला. टब वेशीत शिरला तेव्हा गावाने त्याच्यापुढे नारळ फोडला. कोणता देव आहे ते नंतर विचारू, असा साधारण विचार होता.

पाणी चंपतच्या विहिरीचे घ्यायचे ठरले. ते औषधी आहे असे मंडळाने बहुमताने ठरवले.

"माहा बाप हेच पानी पेत पेत खोकल्यानं मेला," चंपत म्हणाला.

"तवा ठराव झाला नव्हता," मदनसिंग म्हणाले.

हे चंपतला पटले. आपल्या विहिरीला दर्जा मिळाला म्हणून त्याने गावात गूळ वाटला. त्याची बायको तुळसाबाई मात्र गूळ खाऊनही गोड झाली नाही.

"अवो, पाव्हण्यायले औषध, आन आपल्या वांग्यायले काय?"

तिचा प्रश्न अगदीच गावंढळ होता. वांगी फुलावर आली होती. महिनाभर पाणी मिळाले की रिसोडच्या बाजारात टोपल्या जायच्या होत्या. बाग वाळली, तर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाणे तिच्या कपाळी होते, आणि बरोबर चंपतही असता.

"खुळी हायेस. सरकारी मानसं पानी पेतीन तं किती पेतीन?" चंपत म्हणाला. टबात किती पाणी मावते, हे त्याने अजून पाहिले नव्हते.

भगवंतराव पहिले पाहुणे म्हणून स्वतःच राहिले. दुसऱ्यांवर प्रयोग करणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पहिल्याच दुपारी मदनसिंग धावत मळ्यात आले.

"चंपत, मोटेचं चाक कुरकुरून राह्यलं. सायबाले झोप नाही!"

चंपतने चाकाला तेल दिले. दुसऱ्या दुपारी मदनसिंग पुन्हा आले. "आता गाणं आयकू येऊन राह्यलं. ते बंद करा."

"गाण्याबिगर बैल मांगं येत नाई, सायेब."

यात अतिशयोक्ती नव्हती. बैल उतारावर चालत गेले की मोट पाण्याने भरून वर येते. मग ती पुन्हा खाली सोडायला बैलांनी पाठमोरे विहिरीपर्यंत यावे लागते. हे उलटे चालणे चंपतच्या बैलांना गाण्यावर शिकवलेले होते. सूर लागला की ते मागे सरकत. सूर नसला, तर उताराच्या टोकाला पेन्शन लागल्यासारखे उभे राहत.

"मंग मनातल्या मनात म्हणा."

"म्या मनात म्हणलं तं बैलायले कसं समजीन?"

मदनसिंगांनी क्षणभर विचार केला. ते अनुभवी गृहस्थ होते. "त्यायच्या कानात म्हणा."

त्या दिवसापासून चंपत प्रत्येक मोटेमागे उतार उतरून जाई आणि बैलांच्या कानात गाई. आधी डावा बैल, मग उजवा. डावा ऐकून मागे निघे तेव्हा उजव्याचे कडवे अर्धेच झालेले असे, आणि मधल्या मधे जू फिरून चंपत खाली बसे. पाणी निम्म्यावर आले. जे वर आले ते आधी टबात गेले.

तुळसाबाई बंगल्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. "सायबाचं आंग धुतलेलं पानी तरी आमच्या वांग्यायले सोडा."

"ते औषध हाय, बाई. तुमच्या वांग्यायले काय झालं हाय?"

"वाळून राह्यले ते!"

"वाळणं हा रोग यादीत नाही," मदनसिंग म्हणाले, आणि टबातले पाणी मातीस्नानाच्या हौदात सोडून आले. औषधाचा अपव्यय त्यांना पाहवत नसे.

होता होता बाग वाळली. पाने गळाली, फुले झडली, झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या. मग एका संध्याकाळी भगवंतराव आरामखुर्चीत ताक पीत समोर पाहत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मदनसिंग, या खेड्यात हिरवं असं काही दिसत नाही. मन विषण्ण होतं. आणि मोटेवरचं गाणंही ऐकू येत नाही. आपली लोककला मरते आहे, आणि आपण इथे ताक पितो आहोत!" एवढे बोलून त्यांनी आणखी ताक मागितले.

मंडळ झपाट्याने कामाला लागले. लोककला वाचवण्यासाठी चंपतला अस्थायी गायक नेमण्यात आले. दिवस मावळताना त्याने विहिरीच्या काठावर उभे राहून गावे. मोट मात्र जोडू नये, चाक कुरकुरते. हिरवळीसाठी रिसोडच्या बाजारातून वांगी विकत आणून ती काड्यांना सुतळीने बांधावीत आणि मधून मधून निंबाच्या डहाळ्या खोवाव्यात, असेही ठरले. बांधायला तुळसाबाईला ठेवले. ज्या बाजारात ती वांगी विकायला बसे, तिथे आता ती घ्यायला जाऊ लागली.

"काहून वं तुळसाबाई, सोताची बाग असून इकत घेऊन राह्यली?" भाजीवाल्या आवडाबाईने विचारले.

"आमची बाग आता पाहाची हाये, बाई. खायाची नाई," तुळसाबाई म्हणाली.

अस्थायी गायकाचा पहिला कार्यक्रम त्याच आठवड्यात झाला. भगवंतराव मागच्या हौदात गळ्यापर्यंत मातीत, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडले होते. चंपतने विहिरीवरून मोकळ्या गळ्याने सूर लावला. इतक्या दिवसांनी तसा मोकळा सूर ऐकताच गोठ्यासमोर कडबा खात असलेले दोन्ही बैल चाल सुरू झाल्यासारखे मागे निघाले. सोडलेले होते, त्यामुळे कुठे थांबायचे हे सांगायला दोरही नव्हता. ते पाठमोरे कुंपणातून आले, आरामखुर्च्यांवरून आले आणि हौदाकडे वळले.

"अवो, थांबा! बैल सायबावर चालले!" तुळसाबाई ओरडली.

चंपतने हातानेच 'नाही' अशी खूण केली. कडवे अर्धवट सोडायचे नाही, असा हुकूम होता, आणि ही त्याची पहिलीच नोकरी होती. गाणे संपले तेव्हा डाव्या बैलाचे मागचे पाय हौदाच्या काठाला टेकले होते. बैल थांबला, आणि थांबलेला बैल जे करतो ते त्याने सावकाश, मन लावून केले.

मदनसिंगांनी डोळे मिटून घेतले. हौदातून तृप्त आवाज आला.

"मदनसिंग, आजची माती कोमट आहे. फार बरं वाटलं."

दुसऱ्या दिवसापासून उपचारांत उष्ण लेपाची भर पडली. बैलांना वेळेवर आणून उभे करण्याची जबाबदारी अस्थायी गायकावरच टाकण्यात आली.

अखेर भगवंतरावांचा श्रमपरिहार पूर्ण झाला. निरोपाच्या वेळी त्यांना हार घातला. ते गहिवरून म्हणाले, की खरा भारत त्यांना इथे भेटला. मग ते बागेत शिरले आणि स्वतःच्या हातांनी वांगी तोडू लागले. वांग्यांबरोबर सुतळ्याही आल्या.

"सुतळीचा आधार देता वाटतं? शास्त्रीय आहे," ते म्हणाले आणि पिशवी भरून जीपमध्ये बसले.

इतक्यात तुळसाबाई जीपपुढे येऊन उभी राहिली. चंपतने मान खाली घातली. मदनसिंग तिला बाजूला सारू लागले. बाई आता विहीर परत मागणार, हे त्यांच्या अनुभवी नजरेने ओळखले होते.

"थांबा. बोलू द्या तिला," भगवंतराव उदारपणे म्हणाले. विश्रांतीमुळे त्यांचे मन विशाल झाले होते. "मागा बाई. काय पाहिजे ते निःसंकोच मागा."

"काही नाई, सायेब," तुळसाबाई म्हणाली. "वांगे न्या तुमी. सुतळ्या तेवढ्या सोडून द्या. उद्या दुसरे पाव्हणे येऊन राह्यले. पुस्तकं वाचनारे लोक हायेत म्हनते. त्यायले खेडं अगदी अस्सल लागते."